काट्यावर न येणारे पाणी



दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात, गव्हाणीत उसाची मोळी पडते आणि आपल्याकडचे रस्ते उसाच्या गाड्यांनी भरून जातात. कारखान्याच्या फाटकातून आत आलेली प्रत्येक गाडी आधी थांबते ती वजनकाट्यावर. भरल्या गाडीचे वजन होते, गाडी रिकामी झाली की पुन्हा वजन होते, आणि वजाबाकीचा आकडा पावतीवर येतो. त्या आकड्यावर शेतकऱ्याची वर्षभराची मिळकत अवलंबून असते. म्हणूनच काट्याबद्दल आपण इतके जागरूक असतो. काटा चोख आहे की नाही यावरून सभा होतात, निवडणुकाही लढवल्या जातात. ते योग्यच आहे.

पण तो ऊस उभा करायला किती पाणी लागले, याचा रकाना त्या पावतीवर नसतो. त्या पाण्याने जमीन सुधारली की बिघडली, यालाही रकाना नसतो. आजच्या भाषणात मला या रिकाम्या रकान्याविषयी बोलायचे आहे.

विषयाचे भारदस्त नाव आहे ‘शाश्वत विकास आणि उद्योगधंदे’. १९८७ साली नॉर्वेच्या पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने संयुक्त राष्ट्रांना एक अहवाल सादर केला आणि हा शब्द जगभर पोहोचला. आजच्या माणसांच्या गरजा भागाव्यात, परंतु त्यासाठी पुढच्या पिढ्यांच्या तोंडचा घास काढला जाऊ नये, असा त्याचा थोडक्यात अर्थ. ऊसकरी शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. बेण्याला ठेवलेला ऊस गुऱ्हाळात घालायचा नसतो, हे त्याला ठाऊक असते. जमीन, पाणी आणि हवा हे साऱ्या समाजाचे बेणे आहे. धंदा करताना ते बेणे राखायचे, एवढेच यातले मर्म.

आता हे बेणे राखण्यासाठी उद्योगधंदे यंत्रांचा आणि ज्ञानाचा उपयोग कसा करतात, हे पाहायला लांब जाण्याचे कारण नाही. साखर कारखाना हा आपल्या घरचा उद्योग आहे. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरा नदीच्या परिसरात, विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचे भाग गोळा करून सहकारी कारखाना उभारला. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९५०-५१ साली त्या कारखान्याचा पहिला गळीत हंगाम झाला आणि त्यामागून महाराष्ट्रात सहकारी कारखान्यांची रांगच लागली. ऊस पिकवणारा आणि कारखान्याचा मालक एकच, असा हा धंदा. तेव्हा त्याचे गुणही आपले आणि दोषही आपलेच.

आधी गुण पाहू.

रोज अडीच हजार टन ऊस गाळणारा एक मध्यम कारखाना डोळ्यांसमोर आणा. या उसातून साखर निघते ती शेकडा दहा-अकरा, म्हणजे अडीचशे ते पावणेतीनशे टन. मग उरलेल्याचे काय होते? सुमारे सातशे टन बगॅस, म्हणजे रस काढून घेतलेले चिपाड. शंभर टनांच्या आसपास मोलॅसिस, ज्याला आपण मळी म्हणतो. रस गाळताना निघालेला ऐंशी-नव्वद टन गाळ, ज्याला कारखान्यात प्रेसमड म्हणतात. आणि बाकीचे पाणी. उसाच्या शंभर किलोंमध्ये सत्तर किलो तर पाणीच असते.

जुन्या काळी बगॅस बॉयलरमध्ये जाळत आणि त्याच्या वाफेवर कारखाना चालवत. पण ते बॉयलर कमी दाबाचे असत. चौरस सेंटिमीटरला वीस-एकवीस किलो दाब, एवढीच त्यांची ताकद. बगॅस भरपूर आणि त्याला गिऱ्हाईक नाही, त्यामुळे ते एकदाचे संपावे इतक्याच बेताने जाळत असत. पुढे अभियंत्यांनी हिशोब मांडला. तेच बगॅस जास्त दाबाच्या बॉयलरमध्ये जाळले, तर त्या जोरकस वाफेने आधी टर्बाइन फिरवून वीज करता येते. टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ तरीही बरीच गरम असते. ती रस आटवायला वापरायची. एकाच वाफेकडून दोन कामे. यालाच सहवीजनिर्मिती म्हणतात. सदुसष्ट, सत्याऐंशी, एकशे दहा किलो दाबाचे बॉयलर आता अनेक कारखान्यांत आहेत. आपली गरज भागवून उरलेली वीज ते ग्रिडला विकतात. दगडकोळशाचा धूर त्या प्रमाणात वाचतो.

पाण्याचे पाहा. रस आटवताना उसातले पाणी वाफ होऊन निघते आणि थंड झाल्यावर पुन्हा पाणी होते. आपल्या मध्यम कारखान्यात असे पाणी रोज दहा लाख लिटरांच्या वर जमते. पूर्वी हे गरम पाणी नाल्यात सोडून देत आणि थंड पाणी नदीतून उपसत. आज चांगले चाललेले कारखाने हेच पाणी निवळून, थंड करून पुन:पुन्हा वापरतात. नदीचे पाणी फारसे न उचलता हंगाम पार पाडणे त्यांना जमू लागले आहे.

मळीची कथा याहून बोधप्रद आहे. मळी एके काळी कारखान्याला डोकेदुखी असे. तिच्यापासून अल्कोहोल होते हे जुने ज्ञान. परंतु २००३ साली देशाच्या काही भागांत पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळण्यास आरंभ झाला आणि मळीला भाव आला. २०२५ साली हे प्रमाण वीस टक्क्यांवर पोहोचले. त्यात मका आणि इतर धान्यांपासून केलेल्या इथेनॉलचाही मोठा वाटा आहे. मात्र एक लिटर अल्कोहोलमागे आठ ते पंधरा लिटर काळपट, उग्र वासाचे सांडपाणी निघते. त्याला स्पेंटवॉश म्हणतात. ज्या ओढ्यात ते शिरले त्या ओढ्याची दशा काय होते, हे कारखान्याच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या श्रोत्यांना मी सांगायला नको. जलप्रदूषण रोखणारा कायदा १९७४ चा. त्यानंतरही वर्षानुवर्षे कुरबुरी चालूच राहिल्या. आता या सांडपाण्यातून आधी ज्वलनशील वायू काढून घेतात, किंवा ते आटवून घट्ट करून खास बॉयलरमध्ये जाळतात आणि राखेतले पालाश खत म्हणून वापरतात. प्रेसमडचे कंपोस्ट होते. अलीकडे त्यापासून वाहनांना चालेल असा वायूही काढू लागले आहेत.

सगळेच कारखाने हे सारे नीट करतात असे मी म्हणणार नाही. परंतु दिशा स्पष्ट आहे. फाटकाच्या आत येणारी कोणतीही वस्तू टाकाऊ नाही, हे ज्ञान या धंद्याने कमावले आहे. ते कसे कमावले? प्रत्येक वस्तूचे वजन केले, तिची नोंद ठेवली, तिच्यावर पैसे मिळतात की दंड होतो हे पाहिले. जे मोजले गेले ते वाचले.

आता फाटकाच्या बाहेर येऊ या.

माझे आजोळ कृष्णाकाठचे. सुट्टीत आम्ही मुले मामांच्या मळ्यात जात असू. काळी, खोल, लोण्यासारखी जमीन. उसात शिरले की बाहेरचे आकाश दिसत नसे. उपसा योजनेचे पाणी आले त्या वर्षी गावाने वाजत-गाजत पूजा केली होती. मामा रात्री-अपरात्री कंदील घेऊन पाण्याच्या पाळीवर जात. पाणी आले की सरी तुडुंब भरल्याशिवाय बारे मोडायचे नाही, असा त्यांचा रिवाज. एकट्या त्यांचाच नव्हे, साऱ्या शिवाराचा.

मी नोकरीला लागलो आणि आजोळी जाणे कमी झाले. काही वर्षांनी गेलो तेव्हा मळ्याच्या खालच्या अंगाला, जिथे सगळ्यात दणकट ऊस असायचा, तिथे जमिनीवर पांढरी बुरशी धरावी तसे मीठ फुटलेले दिसले. ऊस गुडघ्याएवढा, पिवळा. पुढच्या खेपेला तेवढाही नव्हता. बाभळी आणि लव्हाळा माजला होता. पायाखालची माती पावसाळा नसताना ओली होती.

मी विचारले, “मामा, हे कशानं झालं?”

ते म्हणाले, “पाण्यानं. आम्ही पाण्याला लक्ष्मी समजत होतो. लक्ष्मी जास्त झाली म्हणून कोणी दार लावून घेतं का?”

“पण कारखान्याची माणसं येत होती ना मळ्यात?”

“येत होती की. लागणीची नोंद घ्यायला येत होती, तोडीची तारीख सांगायला येत होती. ऊस किती टन पडंल ते विचारायची. पाणी किती देता, ते काय कोणी विचारलं नाही. आणि खरं सांगायचं, तर आमचं आम्हाला तरी कुठं ठाऊक होतं?”

श्रोतेहो, या उत्तरात कोणा एका कारखान्याला दोष नाही. त्या काळी सगळीकडे असेच होते. परंतु त्या शेवटच्या वाक्याने मला विचारात पाडले. पाणी किती देतो हे देणाऱ्यालाच ठाऊक नव्हते.

जमीन अशी खारावते का? कंदिलाची वात आठवा. तेल खाली असते, पण वातीतून ते वर चढते. पाणी बेसुमार दिले आणि निचरा नसला, म्हणजे जमिनीखालच्या पाण्याची पातळी वर येते. मग मातीच्या बारीक छिद्रांतून, वातीतून तेल चढावे तसे ते पाणी वर चढते आणि येताना क्षार घेऊन येते. उन्हाने पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. वर्षानुवर्षे हे चालले की पृष्ठभागावर मीठ साठते आणि पिकाची मुळे गुदमरतात. सांगली-कोल्हापूरकडे नदीकाठच्या कित्येक गावांत अशी क्षारपड जमीन आहे. ती कोरडवाहू नव्हती, नापीकही नव्हती. उलट सर्वांत सुपीक जमीनच आधी गेली.

आता पाण्याचा तो रिकामा रकाना आपणच भरून पाहू. हिशोब सोपा आहे. शाळेतल्या मुलांनाही करता येईल.

एक गुंठा जमिनीवर एक मिलिमीटर पाणी उभे केले, तर ते सुमारे शंभर लिटर भरते. एकराचे गुंठे चाळीस, म्हणजे एकरावर एक मिलिमीटर पाणी झाले चार हजार लिटर. पाटाने भिजवलेल्या उसाला लागणीपासून तोडीपर्यंत, पावसाचे धरून, अडीच हजार मिलिमीटर पाणी लागले असे समजा. आडसाली उसाला याहून अधिकही लागते. चार हजार गुणिले अडीच हजार म्हणजे एक कोटी लिटर. एका एकराला! त्यात चाळीस टन ऊस आला असे धरले, तर एका टनामागे अडीचशे टन पाणी. शेकडा अकराच्या उताऱ्याने साखर झाली चव्वेचाळीसशे किलो. म्हणजे एका किलो साखरेमागे जवळजवळ तेवीसशे लिटर पाणी खर्ची पडले. चहात दोन चमचे, म्हणजे दहा ग्रॅम साखर घातली, तर त्याबरोबर तेवीस लिटर पाणी आपण कपात ओततो.

महाराष्ट्रात पिकांखालच्या एकूण जमिनीपैकी शेकडा चारच्या आसपास जमिनीवर ऊस आहे. पण सिंचनाच्या पाण्यापैकी दोन-तृतीयांशाच्या घरात पाणी तो घेतो, असा काही अभ्यासकांचा अंदाज आहे. हा आकडा थोडा इकडेतिकडे धरला तरी मुद्दा बदलत नाही. उसाच्या शेजारच्या तालुक्यात ज्वारी-हरभऱ्याला एक पाळी मिळत नाही आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हे दृश्य आपल्या परिचयाचे आहे.

मग ऊस लावूच नये काय? तसे मी म्हणत नाही. ज्या पिकाने लाखो कुटुंबांची चूल पेटवली, शाळा-महाविद्यालये उभी केली, त्याला एका भाषणात निकालात काढणे पोरकटपणाचे होईल. प्रश्न असा आहे की फाटकाच्या आत वापरलेली हुशारी फाटकाबाहेर का वापरू नये?

ज्ञानाची वाण नाही. कोइमतूरची ऊस पैदास संस्था १९१२ पासून काम करते आहे. आपल्याकडे पाडेगावचे संशोधन केंद्र १९३२ चे. कोइमतूरचा को ८६०३२ हा वाण आपल्या शेतकऱ्यांना तोंडपाठ आहे. पाडेगावचा फुले २६५ क्षारवट जमिनीतही बऱ्यापैकी तग धरतो. ऊस उत्पादकांनी आणि कारखान्यांनी मिळून १९७५ साली पुण्याजवळ मांजरीला स्वतःची संशोधन संस्था काढली. तीच आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. धंद्याने स्वतःच्या पैशातून ज्ञानाची सोय करावी, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

पाण्यासाठी ठिबक सिंचन आहे. इस्राएलमध्ये सिम्खा ब्लास या जलतज्ज्ञाने हे तंत्र आकाराला आणले आणि १९६५ साली तिथल्या हात्झेरिम या सामुदायिक वसाहतीत त्याचा कारखाना निघाला. आपल्याकडे जळगावचे भवरलाल जैन यांनी १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस हा धंदा हाती घेतला. नळीला ठरावीक अंतरावर बारीक तोट्या असतात आणि एकेका तोटीतून तासाला दोन-चार लिटर पाणी थेट मुळाशी पडते. खतही त्याच पाण्यातून थोडे थोडे देता येते. दोन ओळींमधली जागा कोरडी राहते, त्यामुळे तण कमी आणि पाण्याची पातळीही वर येत नाही. पाण्याची बचत शेकडा चाळीसपर्यंत होऊ शकते. मघाच्या हिशोबात उत्पन्न तेवढेच धरले, तरी किलोमागचे तेवीसशे लिटर चौदाशेच्या खाली येतात.

पाचटाचे तंत्र तर बिनखर्चाचे आहे. ऊस तुटून गेला की एकरी तीन-चार टन पाचट मागे राहते. काडी लावली की अर्ध्या तासात रान मोकळे होते, पण धुराबरोबर जमिनीचे अन्नही जाते. तेच पाचट खोडव्यात सरीआड सरी पसरून कुजवले, तर ओल टिकते, पाण्याच्या पाळ्या कमी होतात आणि माती भुसभुशीत राहते.

अगदी अलीकडचे सांगायचे, तर बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राने २०२४ पासून उसाच्या शेतात संगणकाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग चालवला आहे. जमिनीतला संवेदक ओल किती आहे ते सांगतो, उपग्रहाचे चित्र पिकाचा रंग दाखवते, हवामान केंद्र पावसाचा अंदाज देते. आणि या साऱ्याचा मेळ घालून आज पाणी द्यावे की नको, हे शेतकऱ्याच्या मोबाइलवर येते. माझे मामा ज्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकले नाहीत, त्याचे उत्तर हे यंत्र देऊ पाहते आहे.

आणि बिघडलेली जमीन? तीही सुधारता येते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळच्या श्री दत्त सहकारी साखर कारखान्याने आपल्या सभासदांच्या क्षारपड जमिनीत भूमिगत निचऱ्याचे काम हाती घेतले. जमिनीखाली तीन-चार फुटांवर छिद्रे पाडलेल्या नळ्या, त्यांवर गाळणीचे कापड. साचलेले पाणी नळीत झिरपते, मुख्य नळातून दूर नाल्याकडे जाते आणि पावसाच्या पाण्याबरोबर क्षार धुऊन निघतात. हे काम एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातले नाही. खर्चाचा भाग आहेच. शिवाय माझ्या रानातली नळी शेजाऱ्याच्या रानातून नेल्याशिवाय नाल्याला पोहोचत नाही. शेजाऱ्याशेजाऱ्यांना एकत्र बसवणारी संस्था मध्ये हवी. कारखान्यापाशी अभियंता असतो, सर्वेक्षण करणारी माणसे असतात, कर्ज मिळवण्याची पत असते आणि सगळ्यांशी रोजचा संबंध असतो. म्हणून ते काम त्याने करणे शोभते.

श्रोतेहो, एवढे सारे ठाऊक असून ते सगळीकडे का होत नाही? राज्य सरकारने उसाला ठिबक बंधनकारक करण्याचा निर्णय २०१७ साली घेतला. तरीही आज पुष्कळ ऊस पाटाच्याच पाण्यावर उभा आहे. शेतकऱ्यांना कळत नाही म्हणून, असे उत्तर शहरातले लोक पटकन देतात. मला ते पटत नाही. शेतकऱ्याला हिशोब उत्तम कळतो, आणि आजचा हिशोब त्याला हेच शिकवतो. उसाचे पैसे वजनावर मिळतात. साखरेचा उतारा धरतात तो साऱ्या कारखान्याचा सरासरी. पाटाच्या पाण्याचे पैसे बहुतेक ठिकाणी एकरावर आणि हंगामावर आकारले जातात, लिटरवर नाही. मग पाणी वाचवणाऱ्याला काय मिळते? ठिबकचे कर्ज. आणि न वाचवणाऱ्याला? काहीच तोटा नाही. निदान जमीन खारावेपर्यंत तरी नाही.

दुसरी एक अडचण याहून नाजूक आहे. ठिबकने पाणी वाचले की त्याच पाण्यावर आणखी दोन एकर ऊस लावण्याचा मोह होतो. मग शेतात बचत दिसते, पण धरणात शिल्लक काहीच राहत नाही. यंत्राने बचत होते हे खरे, पण वाचलेले पाणी कोणाला द्यायचे हे यंत्र ठरवत नाही. ते माणसांनी एकत्र बसून ठरवावे लागते.

ते ठरवता येते, याला आधार आहे. नाशिक जिल्ह्यात वाघाड धरणावर शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था आहेत. त्या पाणी मोजून घेतात आणि सभासदांना मोजून देतात. मोजमाप आल्यावर भांडणे कमी होतात, शेवटच्या टोकाच्या शेतालाही पाणी पोहोचते आणि शेतकरी पाण्याच्या जोगते पीक निवडू लागतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर केला, तेव्हा त्याला गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमीन विषारी होईल अशी लोकांना भीती वाटत होती, अशी हकीकत सांगतात. नांगर खपला तो लोकांनी शेतात चालताना पाहिला तेव्हा. यंत्र विकणारा आणि ज्ञान पोहोचवणारा एकच असला म्हणजे धंदाही टिकतो आणि समाजही पुढे जातो.

तेव्हा कारखान्यांकडून आपण काय मागावे? सभासद म्हणून वार्षिक सभेत तीन प्रश्न विचारता येतील. पहिला: आपल्या कार्यक्षेत्रात एक टन उसामागे किती पाणी लागते, याची नोंद गटवार ठेवणार का? दुसरा: पाणी वाचवणाऱ्या, पाचट न जाळणाऱ्या सभासदाला टनामागे काही जादा देणार का? तिसरा: किती एकर जमीन गेल्या वर्षी खारावली आणि किती सुधारली, हे अहवालात छापणार का? बगॅस, मळी, वीज, साखर यांचे आकडे अहवालात असतातच. त्यांच्या शेजारी हे तीन आकडे आले, की शेतकी खात्याचा माणूस मळ्यात येऊन पाण्याचीही चौकशी करू लागेल.

शिक्षकबंधू-भगिनींना माझी एक विनंती आहे. गुंठा, मिलिमीटर आणि लिटर यांचा मघाचा हिशोब वर्गात करून घ्या. पत्र्याचा एक सरळ उभा डबा आणि एक मोजपट्टी, एवढ्यावर शाळेच्या आवारात पावसाची नोंद ठेवता येते. पंपातून एक बादली भरायला किती सेकंद लागतात हे मुलाने पाहिले, की पंप तासाला किती पाणी फेकतो हे त्याला काढता येते. मग ते घरी जाऊन विचारील, “बाबा, काल रात्री आपला पंप किती वेळ चालू होता?” हा प्रश्न घराघरांत विचारला जाऊ लागला तर माझे आजचे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.

माझ्या मामांच्या रानात पुढे शेजारच्या शेतकऱ्यांनी मिळून निचऱ्याच्या नळ्या घातल्या. दोन पावसाळे गेल्यावर तिथे आधी गवत आले, मग गहू आला. ऊस अजून पूर्वीसारखा नाही. मागच्या खेपेला गेलो तेव्हा मामा बांधावर बसले होते. वय झाले आहे, पाळीवर आता मुलगा जातो. ठिबकच्या कॉककडे बोट दाखवून ते म्हणाले, “आता घड्याळ लावून पाणी देतो हा. मी चेष्टा करायचो. पण हे घड्याळ तीस वर्षं आधी आलं असतं, तर खालचं रान वाचलं असतं बघ.”

श्रोतेहो, घड्याळ आता आलेले आहे. काटाही आपल्याच कारखान्याचा आहे. त्या काट्यावर पाणी चढवायचे की नाही, हे आपल्याच हाती आहे.